सांगली ते श्टुटगार्ट: एका खोलीचं प्रकरण

मुलगी सांगलीची, सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं होतं, तेव्हापासून पुढचं शिक्षण पाण्याचंच घ्यायचं हे तिचं पक्कं. श्टुटगार्ट विद्यापीठात जलसंपदा व्यवस्थापनाच्या इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्सला २०२५ च्या हिवाळी सत्रासाठी प्रवेश मिळाला. एपीएस सर्टिफिकेट (भारतातली पदवी तपासून मिळणारा दाखला) झालं, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) झालं, व्हिसाची तारीख मिळाली. राहिली होती ती फक्त खोली. तिचे वडील माझे शाळेतले वर्गमित्र आणि मी गेली बरीच वर्षं श्टुटगार्टच्या जवळ राहतो, म्हणून जुलैत फोन मला आला.

"अरे, होस्टेल युनिव्हर्सिटीच देत असेल ना? तू फक्त कुठलं चांगलं ते सांग."

पहिली गाठ इथेच सोडवावी लागते. जर्मनीत विद्यापीठ प्रवेश देतं, खोली देत नाही. वसतिगृहं, मेस आणि विद्यार्थ्यांची मदत हे काम 'श्टुडिएरेंडनवेर्क' नावाच्या वेगळ्या संस्था करतात. देशभरात त्या ५७ आहेत आणि त्यांच्याकडे मिळून दोन लाखांच्या आसपास जागा आहेत. विद्यार्थी साधारण २९ लाख. म्हणजे बहुतेकांनी आपलं आपण बघायचं, हेच गृहीत धरलेलं आहे. वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो प्रवेशपत्र हातात आल्या दिवशीच भरायचा असतो, आणि लोकप्रिय शहरांत त्याचं उत्तर एक-दोन सत्रांनी येतं. या मुलीने तो अर्ज मे महिन्यात भरला होता. तिचं ते एक काम वेळेवर झालं होतं आणि शेवटी कामालाही आलं. पण ऑक्टोबरमध्ये डोक्यावर छप्पर हवं होतं, त्याला त्याचा उपयोग नव्हता.

खिसा किती खोल

खोली शोधण्याआधी आम्ही हिशेब मांडला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ हातात. त्यातले दीडशेच्या आसपास आरोग्यविम्याला. प्रवासाचा पास पन्नासच्या घरात. घरी स्वयंपाक केला तर खाणं सव्वादोनशे-अडीचशेत बसतं. फोन, कपडे, औषधं, थंडीचे बूट यांना शंभर तरी बाजूला ठेवायचे. उरतात साडेचारशे. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं ते बाडेन-व्युर्टेम्बेर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो फी घेतं, ती वेगळी. ती शैक्षणिक कर्जातून जाणार होती.

साडेचारशेचा आकडा किती घट्ट आहे ते बघा. २०२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या विद्यापीठांच्या गावांमध्ये शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीचं सरासरी भाडं ४८९ युरो निघालं होतं, म्युनिकमध्ये ७९०. सरकार स्वतःच्या गरजू विद्यार्थ्यांना जे शिक्षणसहाय्य देतं, त्यात घरभाड्यापोटी ३८० धरलेले असतात. तेव्हा जर्मन मुलांनाही ही खोली परवडत नाही, हे वडिलांना सांगितल्यावर त्यांचा सूर थोडा खाली आला. "तिथली मुलं पार्ट टाइम करतात म्हणे," ते म्हणाले. करतात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभाही आहे. पण पहिल्या सत्रात भाषा अर्धवट, अभ्यास अंगावर, आणि नोकरी मिळेलच याची हमी नाही. नोकरीच्या भरवशावर भाडं ठरवू नये, हे मी ठामपणे सांगितलं आणि अजूनही सांगेन.

हिशेबाची दुसरी अडचण वेळेची. ब्लॉक्ड अकाउंट महिन्याला ९९२ च देतं, आणि तेही जर्मनीत बँक खातं सुरू झाल्यावर. डिपॉझिट, निदान त्याचा पहिला हप्ता, आणि पहिलं भाडं मात्र चावी मिळतानाच द्यावं लागतं. हे पैसे वेगळे, घरून, फॉरेक्स कार्डावर किंवा थेट ट्रान्सफर करून आणावे लागतात. व्हिसाच्या धावपळीत हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

टेबलावरचे तीन पर्याय

ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुलीने स्वतःच शोधून तीन गोष्टी जमवल्या होत्या. तिन्ही तिने मला एकाच वेळी पाठवल्या आणि विचारलं, "काका, यातलं कुठलं?"

पहिला, खासगी विद्यार्थी निवासातला स्टुडिओ. फर्निचर, वाय-फाय, तळमजल्यावर जिम, ७६० युरो. बुकिंग ऑनलाइन, कार्डावर पैसे, आजच्या आज पक्कं. वडिलांना तो आवडला होता, कारण त्यात अनिश्चितता नव्हती. पण महिन्याचे तीनशे जास्तीचे म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांवर युरो, आणि करार किमान वर्षाचा.

दुसरा, फोटोंमध्ये देखणा दोन खोल्यांचा फ्लॅट, शहराच्या मध्यावर, ४५० ला. 'मालक' सध्या मँचेस्टरला नोकरीला. त्याने पासपोर्टचा फोटो पाठवला, स्वच्छ इंग्रजीत करार पाठवला. दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट आगाऊ भरा, चावी कुरिअरने येईल, नाही आवडलं तर पैसे परत. हा प्रकार जर्मनीत इतका जुना आहे की त्याचे शब्दसुद्धा बदलत नाहीत: मालक परदेशात, चावी टपालाने, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि घाई. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कसं कळणार? इथे ते पकडलं तिच्या दादाने. त्याने नुकताच बहिणीसाठी अ‍ॅडॅप्टर विकत आणला होता, म्हणून त्याचं लक्ष स्वयंपाकघराच्या फोटोतल्या सॉकेटकडे गेलं. चौकोनी, तीन चपट्या भोकांचं, शेजारी बटण. जर्मन सॉकेट गोल आणि खोलगट असतं, दोन भोकांचं, बटण नसतं. म्हणजे फोटो इंग्लंडमधल्या कुठल्यातरी घराचे होते. मग आम्ही तेच फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले. एका सुट्टीच्या भाडेघराच्या जाहिरातीत सापडले. करारात दिलेलं खातं तिसऱ्याच देशातलं होतं आणि खातेदाराचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नव्हतं. पासपोर्टसुद्धा बहुधा आधी फसलेल्या कोणाचातरी असणार, कारण ही माणसं तुमच्याकडूनही पासपोर्टची प्रत मागून घेतात. तिने ती दिली नव्हती, तेवढं बरं झालं.

तिसरा पर्याय खरा मोहात पाडणारा. आपल्याकडच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक बेड, २६० युरो, कॅम्पसपासून दहा मिनिटं, फ्लॅटमध्ये सगळी आपली माणसं, रात्री भाजी-पोळी एकत्र. सोबत बारीक अक्षरांत एक ओळ: 'सिटी रजिस्ट्रेशन होणार नाही.'

वडिलांचं मत याच पर्यायाकडे झुकलं होतं. परक्या देशात पहिल्यांदा जाणारी मुलगी, सोबत मराठी-हिंदी बोलणारी चार माणसं, भाडं सगळ्यांत कमी. माझं मत नेमकं उलट होतं, आणि या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं एवढं एकच आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

बेड मिळाला, पत्ता नाही

जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्या गावच्या कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. याला 'अनमेल्डुंग' म्हणतात, आपली मुलं सिटी रजिस्ट्रेशन म्हणतात. नुसता भाडेकरार नेऊन भागत नाही. ज्याने तुम्हाला घर दिलं त्याच्या सहीचा कागद लागतो, की अमुक व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली. २०१५ पासून हा कागद सक्तीचा आहे.

आता या एका नोंदीवर पुढचं काय काय लटकलेलं असतं ते मोजा. निवासपरवाना, म्हणजे व्हिसा संपल्यावर लागणारं कार्ड, तुम्ही जिथे नोंदलेले आहात तिथलंच परदेशी नागरिकांचं कार्यालय देतं. कर ओळख क्रमांक नोंदणीनंतर आपोआप टपालाने येतो. तो नसेल तर पार्ट टाइम नोकरीत पगारातून कर जास्त कापला जातो. काही बँका नोंदणीचा दाखला पाहिल्याशिवाय खातं उघडत नाहीत, आणि खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटमधले ९९२ हलत नाहीत. मोबाइलचा करार, वाचनालयाचं कार्ड, सगळीकडे पत्ता विचारतात. २६० युरोंचा बेड घेऊन पहिले दोन-तीन महिने स्वतःचेच पैसे अडकून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि त्या फ्लॅटमध्ये नोंदणी का होणार नव्हती? कारण मूळ भाडेकरू स्वतः विद्यार्थी, करारावर दोन नावं आणि प्रत्यक्षात राहणारी सहा. घरमालकाला याची कल्पनाच नाही. त्याला कळलं तर तो मूळ भाडेकरूचा करार रद्द करू शकतो, आणि मग बाकीच्यांना उभं राहायला हक्कच नसतो. मुलीने ग्रुपवर रजिस्ट्रेशनबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "टेन्शन घेऊ नकोस, एका मित्राच्या पत्त्यावर करून देतो, शंभर युरो लागतील." जिथे राहत नाही तिथला पत्ता नोंदवण्यासाठी असा कागद देण्याला कायद्याने मनाई आहे, आणि त्याचा दंड ५०,००० युरोंपर्यंत जाऊ शकतो. शिकायला आलेल्या मुलीने देशातला पहिला सरकारी कागद खोटा का करावा?

म्हणून मी तिला पर्यायांचा क्रम उलटा लावायला सांगितलं. आधी विचार नोंदणीचा. मग मुदतीचा, मग भाड्याचा, आणि जागा कॅम्पसपासून किती लांब हे सगळ्यांत शेवटी. आणि कायमची खोली भारतातून शोधायचीच नाही. न बघता वर्षाचा करार करू नये, आणि जर्मन मुलंही समोरासमोर भेटल्याशिवाय कायमची खोली सहसा देत नाहीत. भारतातून शोधायचं ते पहिल्या सहा महिन्यांचं, पण कागदपत्रांनिशी पक्कं.

सहा महिन्यांची खोली

अशी सहा महिन्यांची खोली असते, आणि बरीच असते. जर्मन विद्यार्थी एखादं सत्र इरॅस्मसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या युरोपीय योजनेतून, परदेशी जातात किंवा दुसऱ्या शहरात इंटर्नशिप करतात. खोली सोडवत नाही, कारण परत आल्यावर मिळणार नाही. आणि रिकामी ठेवली तर भाडं अंगावर. म्हणून ते ती मधल्या काळापुरती पोटभाड्याने देतात. याला 'त्स्विशनमीटे' म्हणतात. खोली फर्निचरसकट असते, पलंगापासून कढईपर्यंत. देणाऱ्याला भरवशाचं माणूस हवं असतं, वर्षानुवर्षं राहणारं नको असतं. नव्या माणसाकडे नसलेले कागद, म्हणजे 'शुफा' नावाचा पतअहवाल, आधीच्या घरमालकाचा दाखला, पगाराच्या स्लिपा, यांचा आग्रह इथे कमी असतो. हिवाळी सत्रासाठीच्या अशा जाहिराती जुलै-ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंत येत राहतात, म्हणजे नेमक्या तेव्हा, जेव्हा आपली मुलं व्हिसाच्या चिंतेत असतात.

कागदाची अट एकच: मूळ घरमालकाची पोटभाड्याला लेखी परवानगी. ती असली की नोंदणीच्या कागदावर मूळ भाडेकरू स्वतः सही करू शकतो.

शोधाचा परीघही आम्ही बदलला. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखा शहराच्या मध्यात नाहीत, फाइहिंगेन या कडेच्या भागात जंगलालगत आहेत, आणि तिथे 'उनिव्हेर्झिटेट' नावाचं लोकलचं स्वतंत्र स्टेशन आहे. एस-वन लोकल तिथून पुढे ब्यॉब्लिंगेन, हेरेनबेर्गपर्यंत जाते. शहराच्या मध्यात राहून बाहेर यायचं की बाहेर राहून थेट कॅम्पसला उतरायचं, असा साधा प्रश्न. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. सांगलीकराला नकाशा काढून दाखवावा लागला.

मग मेसेजचा प्रश्न. जाहिरातींना ती ढीगभर मेसेज पाठवत होती आणि उत्तर एकाचंही नव्हतं. मी तिचा मजकूर मागवला. इंग्रजीत होता, त्याचा मराठी अर्थ असा: 'आदरणीय महोदय/महोदया, मी भारतातील एक प्रामाणिक, मेहनती व शिस्तप्रिय विद्यार्थिनी असून मला तातडीने निवासाची गरज आहे. मी शुद्ध शाकाहारी असून मला कोणतेही व्यसन नाही. कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' तहसीलदाराला अर्ज केल्यासारखा. तो वाचणारी बावीस वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात बसून शंभर मेसेज चाळत असते आणि तिला फक्त एवढंच बघायचं असतं, की या माणसाबरोबर सकाळचा चहा पिता येईल का. शिवाय पुष्कळ जण जाहिरातीत मध्येच एखादा शब्द पेरून ठेवतात आणि मेसेजमध्ये तो लिहायला सांगतात, म्हणजे जाहिरात वाचली की नाही ते कळतं. मुलीने असे तीन-चार शब्द न बघताच ओलांडले होते.

नवा मेसेज तिने जर्मनमध्ये लिहिला. पुण्यात नोकरी करताना मॅक्समुलर भवनात ए-टू, म्हणजे जर्मनच्या दुसऱ्या पातळीपर्यंत शिकली होती, ते इथे वसूल झालं. समोरच्यांची नावं घेऊन सुरुवात. मग: 'मी पंचवीस वर्षांची, पूर आणि नद्या या विषयात मास्टर्स करायला येतेय. दोन वर्षं पुण्यात तिघींबरोबर फ्लॅटमध्ये राहिले, आम्ही अजून बोलतो. मी रोज स्वयंपाक करते आणि रविवारी जास्तीचा करते. एक ऑक्टोबर ते एकतीस मार्च मला अगदी जुळतं. तुमच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंना पाणी घालायला आवडेल. उद्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करता येईल.' टोमॅटो जाहिरातीतच होते. भाडं कसं भरणार ते एका ओळीत: ब्लॉक्ड अकाउंट आहे, पुरावा पाठवू शकते.

उत्तरं यायला लागली. सगळी होकाराची नव्हती, पण माणसं बोलायला लागली.

मुलाखत

ब्यॉब्लिंगेनचा तिघींचा फ्लॅट. एक जण ऑक्टोबरपासून स्पेनला जाणार, तिची खोली, चौदा चौरस मीटर, वीज-पाणी-हीटिंग-इंटरनेट धरून ४३० युरो. उरणाऱ्या दोघींपैकी एक नर्सिंग शिकणारी, पहाटेची शिफ्ट असलेली. व्हिडिओ कॉलवर तिघीही. कॉल झाल्यावर मुलीने मला सगळं सांगितलं, ते मला अजून आठवतं, कारण त्यात भारत कसा आहे वगैरे कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं: रात्री किती वाजता झोपतेस, भांडी लगेच घासतेस की साठवतेस, पाहुणे किती येतात, आणि खोलीत दमट हवा कोंडू नये म्हणून खिडकी दिवसातून दोनदा सताड उघडतेस का. शेवटचा प्रश्न आपल्याला विचित्र वाटतो, पण इथे भिंतीला बुरशी आली की त्याचा खर्च भाडेकरूच्या डोक्यावर येऊ शकतो, म्हणून तो विचारतात.

फोडणीच्या वासाचा विषय तिने आपणहून काढला. म्हणाली, "मी मोहरी-हिंगाची फोडणी करते, दार लावून, खिडकी उघडून. आणि कुकरच्या शिट्ट्या रात्री दहानंतर होणार नाहीत." कुकरची शिट्टी म्हणजे काय, हे दाखवायला तिने सांगलीच्या स्वयंपाकघरात तेव्हाच लावलेला वरणाचा कुकर कॅमेऱ्यासमोर धरला. नर्सिंगवाली हसली ती हसली. मग त्यांनी तिला जिन्याच्या दाराला अडकवलेली एक पाटी दाखवली: 'केअरवोखे'. श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन भागातली ही प्रथा. ज्या आठवड्यात पाटी तुमच्या दाराशी, त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आणि थंडीत दारापुढचा बर्फ ओढायचा. ती म्हणाली, "आमच्या वाड्यात अंगण झाडायच्या पाळ्या असतात." दुसऱ्या दिवशी होकार आला.

पैसे पाठवण्याआधी आम्ही चार गोष्टी मागितल्या आणि चारही मिळाल्या. सहीचा पोटभाडेकरार. घरमालकाच्या परवानगीचं पत्र. 'नोंदणीचा कागद एक ऑक्टोबरला देऊ' हे करारातच लिहिलेलं. आणि करारावरच्या नावाचंच, जर्मन बँकेतलं खातं. शिवाय मी एका संध्याकाळी जाऊन खोली पाहून आलो. माझ्यासारखा कोणी जवळ नसेल तर त्याच अभ्यासक्रमातला सीनियर शोधावा. अर्ध्या तासाचं काम असतं आणि बहुतेक मुलं ते करतात.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नसते. जर्मन कायद्यानुसार ते मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे उरतं त्याच्या, तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. इथे मागणी ६०० ची होती. मुलीने संकोचत हप्त्यांचं विचारलं, समोरची म्हणाली, "अर्थातच."

चावी मिळाल्यावर

पहिल्या दिवसाची दोनच कामं मी तिला फोनवर बजावली होती. एक, सामान उघडण्याआधी खोलीचे फोटो: भिंती, फरशी, टेबल, खिडकीची चौकट, जवळून आणि तारखेसकट. दुसरं, टपालपेटीवर आपलं आडनाव. इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण बहुधा तो नसतोच. तो पेटीवरचं नाव बघतो. नाव नाही तर पत्र परत. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं टपालाने येतं. तिने वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने तिन्ही नावांखाली डकवलं.

नोंदणी त्याच आठवड्यात झाली. निवासपरवान्याचा अर्जही तिने लगेच ब्यॉब्लिंगेनमध्येच टाकला. हे मी मुद्दाम करायला लावलं. विद्यापीठ श्टुटगार्टचं असलं तरी परवाना राहत्या गावचं कार्यालय देतं, आणि अर्ज मध्यावर असताना गाव बदललं की फाइल एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरते. तेव्हा सहा महिन्यांच्या मुक्कामात ते काम उरकलेलं बरं.

नोव्हेंबरात एक पत्र आलं आणि ती घाबरली. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. "काका, माझ्याकडे टीव्हीच नाही." टीव्ही असो-नसो, ती घराला लागते, माणसाला नाही. फ्लॅटमधली एक जण आधीपासून भरत होती. तिचा वर्गणी क्रमांक कळवला, विषय संपला. वाटणीचे सहा युरो बारा सेंट ती महिन्याला मैत्रिणीला देते.

दुसरी फेरी

नोव्हेंबरात एप्रिलपासूनच्या खोलीचा शोध सुरू झाला. या वेळी ती इथेच होती, नोंदणीचा दाखला, जर्मन खातं, वेळेवर भरलेल्या भाड्याच्या नोंदी आणि दोन मैत्रिणींची शिफारस घेऊन. समोर दोन पर्याय आले.

एका निवृत्त बाईंच्या घरातली फर्निचरसकट खोली, ३८० युरो, बागेकडे तोंड, बाई प्रेमळ. वडील लगेच तयार. मी अडलो ते एका कलमावर: मालक स्वतः राहतो त्या घरातली फर्निचरसकट एकच खोली असेल, तर कायद्याचं नेहमीचं संरक्षण लागू होत नाही. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत नोटीस दिली की महिनाअखेरीला खोली रिकामी करावी लागू शकते. बाई तसं करतील असं नाही. पण त्यांना काही झालं, त्यांच्या मुलांनी घर विकायला काढलं, तर ऐन परीक्षेत ही मुलगी रस्त्यावर. मी म्हटलं, किमान एक वर्ष नोटीस देणार नाही असं करारात लिहून घे. बाईंना ते अविश्वासाचं वाटलं. बोलणं तिथेच थांबलं, थोडं कडू होऊन.

आणि फेब्रुवारीत मे महिन्यातल्या त्या अर्जाचं उत्तर आलं. फाइहिंगेनच्या वसतिगृहात एक एप्रिलपासून खोली, भाडं चारशेच्या आत. उत्तराला मुदत काही दिवसांचीच असते. मुलगी ईमेल रोज बघत होती म्हणून मिळाली. स्पॅम फोल्डरमध्ये अशी ऑफर वाया गेलेली मुलं मला माहीत आहेत.

हे प्रकरण जसंच्या तसं सगळ्यांना लागू होणार नाही. म्युनिकमध्ये त्स्विशनमीटेसुद्धा साडेचारशेत मिळवणं फार अवघड. तिथे किंवा कोलोनसारख्या शहरांत 'वोनेन फ्युर हिल्फे' या योजनेकडे बघावं: बहुधा एकट्या वृद्धांच्या घरात राहायचं, आणि भाड्याऐवजी खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास मदत करायची. त्याला जर्मन मात्र बरी लागते. एकत्रच राहायचं म्हणून अडून बसलेल्या दोन मित्रांना शेअर फ्लॅटमध्ये सहसा दोन खोल्या एकदम मिळत नाहीत. त्यांनी वेगळं व्हावं. एप्रिलमध्ये येणाऱ्यांना शोध जरा सोपा जातो, कारण ऑक्टोबरची झुंबड तेव्हा नसते.

मार्चअखेर ब्यॉब्लिंगेनची खोली परत देताना स्पेनहून आलेल्या मुलीने टेबलावरचा एक लांब ओरखडा दाखवला. पहिल्या दिवशीच्या फोटोंमध्ये तो होता, तारखेसकट. दोघींनी हस्तांतरणाचा कागद भरला, सह्या केल्या. डिपॉझिटमधले ५५० युरो आठवड्याभरात परत आले. पन्नास राखून ठेवले आहेत, कारण भाड्यात अंदाजाने धरलेल्या हीटिंगचा वार्षिक हिशेब अजून यायचा आहे. तो द्यायला घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. वसतिगृहात गेल्यावर पुन्हा दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागली, ती तिने मला न विचारताच केली.